घर क्रमांक सतरा : विशेष

वासुदेवराव पोंक्षे यांनी क्लाइन-हार्मझन हे जर्मनीतलं गाव पहिल्याच दिवशी सव्वीस मिनिटांत पाहून संपवलं. त्यातली चार मिनिटं बुटाची नाडी बांधण्यात गेली.

"बघितलंत का गाव, बाबा?" सुनेनं, म्हणजे ऊर्मिलानं, चहा ठेवता ठेवता विचारलं.

"बघितलं. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे. उरलेल्या एकोणनव्वद दिवसांत काय बघायचं ते सांगून ठेव."

गावात सहाशे चाळीस माणसं होती, एक चर्च होतं, बंद पडलेली एक बेकरी होती आणि चारी बाजूंना बीट. खायचं तांबडं बीट नव्हे, साखरेचं. म्हणजे बघायलाही रंग नाही. शेजारी ग्रोस-हार्मझन नावाचं दुसरं गाव. क्लाइन म्हणजे लहान आणि ग्रोस म्हणजे मोठं. पण मोठ्या हार्मझनची वस्ती होती पाचशे दहा! आठशे वर्षांत ही चूक कोणाला दुरुस्त करावीशी वाटली नाही, यावरूनच वासुदेवरावांनी दोन्ही गावांची किंमत केली.

मुलगा हृषिकेश वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर होता. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या, एवढंच त्याचं खातं. रोज सकाळी गावातल्याच तिघांबरोबर एका गाडीतून तो कारखान्यात जाई. गाडी हेर टीडे यांची. हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत. चार वर्षांत ते तिघं त्याच्याशी जे काही बोलले होते ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर पत्ता लिहायला जागा उरली असती.

आता वासुदेवरावांबद्दल सांगायला हवं. एकतीस वर्षं सरकारच्या एका खात्यात बसून त्यांनी जिल्ह्याचा इतिहास लिहिला. एकाच जिल्ह्याचा. नद्या, डोंगर, लेणी, किल्ले, पिकं, जाती, जत्रा, कुठल्या तालुक्यात आमटीत गूळ घालतात आणि कुठल्यात घालत नाहीत, सगळं. नऊशे साठ पानांचं बाड १९८७ साली छापखान्यात गेलं. प्रुफं चारदा आली, चारदा गेली. नुसतं शुद्धिपत्रच सेहेचाळीस पानांचं झालं. पाचवी प्रुफं यायच्या सुमाराला सरकारनं त्या जिल्ह्याचे दोन जिल्हे केले आणि वरून पत्र आलं, की सदर जिल्हा सदर स्वरूपात अस्तित्वात नसल्याने सदर ग्रंथ पुनर्लेखनार्थ परत करण्यात येत आहे. वासुदेवराव तोवर निवृत्त झाले होते. जिल्ह्याला दोन कलेक्टर मिळाले, दोन विश्रामगृहं मिळाली. वासुदेवरावांचं नाव तेवढं छापायचं राहिलं.

त्यांच्या पत्नी सुलेखाताई गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिल्या होत्या. दर रविवारी फोन. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "काय विशेष?"

जगात लोक हा प्रश्न उगाच विचारतात. पोंक्ष्यांच्या घरात १९८७ पासून त्याला एकच अर्थ होता : छापून आलं का?

"विशेष काही नाही," वासुदेवराव म्हणत. अठरा वर्षं म्हणत होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हेर ब्युल्टमान दारात उभे राहिले. सहा फूट तीन इंच उंच, बगलेत फाइल, चेहऱ्यावर काहीही नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ गावाचे ऑर्ट्सहाइमाटफ्लेगर होते. हा शब्द ऊर्मिलानं तीनदा म्हणून दाखवला आणि अर्थ सांगितला : गावाच्या आठवणी सांभाळणारा, सरकारमान्य.

"पद आहे? नेमणूक होते?" वासुदेवरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तुच्छता होती, पण तिच्याआड थोडी असूयाही होती, आणि ती ऊर्मिलाच्या नजरेतून सुटली नाही.

हेर ब्युल्टमान खुर्चीच्या कडेवर बसले आणि मुद्द्यावर आले. ऑगस्टमध्ये गावाला आठशे वर्षं पूर्ण होणार. त्यानिमित्त गावाचा इतिहास छापायचा. प्रत्येक घराला एक पान. घर क्रमांक सतरामध्ये सध्या भारतीय कुटुंब भाड्यानं राहतं, तर त्यांनी हा फॉर्म भरून द्यावा, बिट्टे, म्हणजे कृपया.

"आपलं पान कशाला हवंय यांना?" वासुदेवराव सुनेला मराठीत म्हणाले. "चार वर्षांत चहाला बोलावलं नाही ना तुला?"

"कॉफीला, बाबा. कॉफीलाही नाही."

तिनं विचारलं. हेर ब्युल्टमान यांनी फाइलमधून एक जाडजूड पुस्तक काढून टेबलावर आपटलं. त्यांच्या देहातून निघालेला तेवढाच एक भावनेचा आवाज. १८६९ साली या गावातली अकरा कुटुंबं अमेरिकेत नेब्रास्काला गेली आणि तिथल्या एका काउंटीत स्थायिक झाली. त्यांच्या वंशजांनी आता आपल्या काउंटीचा इतिहास लिहून मूळ गावाला भेट पाठवला होता. चारशे बारा पानं!

"एकशे तीस वर्षांच्या काउंटीला चारशे बारा," ब्युल्टमान म्हणाले. "आठशे वर्षांच्या गावाला कमी कशी चालतील?"

"मग तुमची किती झाली?"

ब्युल्टमान यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चारशे तीन. प्रत्येक ट्रॅक्टरचा फोटो घेऊन."

काउंटीचा तो ग्रंथ इंग्रजीत होता, म्हणून वासुदेवरावांनी तो मागून ठेवून घेतला आणि दोन दिवसांत वाचून काढला. काउंटीच्या जत्रेत सफरचंदाच्या पायला मिळालेली बक्षिसं, १९०२ ते १९७६, विजेत्या बायकांच्या नावांनिशी. १९२४ साली बेट्झ यांच्या गाईला तिळं झालं, फोटो पान २११. मास्तरीणबाईंचं घोडं कोणाच्या कुंपणातून गेलं यावर अडीच पानं, दोन्ही बाजूंच्या साक्षींसह. धान्याचं कोठार दोनदा जळलं; दुसऱ्यांदा कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"बघ," ते ऊर्मिलाला म्हणाले, "माणसं सात समुद्र ओलांडून गेली, आणि तिकडे जाऊनही त्यांनी क्लाइन-हार्मझनच केलं. आमच्या एका तालुक्यात सातवाहनांपासूनची लेणी आहेत, आणि ती छापायला कागद नाही. इकडे गाईला तीन वासरं झाली की ग्रंथ!"

मग त्यांनी फॉर्म पाहिला. माणसं किती, कधी आलात, धंदा काय, आग लागली होती का, पशुधन किती. शेवटी अर्ध्या पानाची मोकळी जागा आणि तिच्यावर एक शब्द : बेझोंडरेस.

"म्हणजे?"

"विशेष," ऊर्मिला म्हणाली. "काही विशेष असेल तर लिहायचं. सगळ्या गावानं तिथं 'निश्ट्स' लिहिलंय म्हणे. काही नाही."

वासुदेवराव बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. अठरा वर्षं बायको तोंडी विचारत होती. आता प्रश्न छापील आला होता, आणि उत्तर छापून मिळणार होतं.

पशुधनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : "नाही. घरमालकांची मांजर येते." धंदा : "बिजागऱ्या." आणि विशेषच्या रकान्यात : "सोबत जोडले आहे." मग नऊ दिवस बसून, खात्याच्या ठरलेल्या मथळ्यांखाली, फूलस्केपची अकरा पानं लिहिली. पण घर क्रमांक सतराविषयी त्यात अक्षर नव्हतं. त्यांनी गावाचाच जिल्हा करून टाकला होता.

"लोक : उंच, कष्टाळू व कंटाळवाणे. कल्पनाशक्तीचा अभाव असल्याने खोटे बोलत नाहीत.

"भाषा : जर्मन. फारशी वापरली जात नाही. दोन व्यक्ती समोरासमोर आल्यास 'मोइन' असे म्हणतात व संभाषण पूर्ण झाले असे समजतात.

"जाती : कागदोपत्री नाहीत. प्रत्यक्षात दोन. एक, गावातले, दुसरी, बाहेरून आलेले. महायुद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित म्हणून आलेली सात कुटुंबे साठ वर्षांनंतरही 'नवीन लोक' म्हणून ओळखली जातात.

"अन्न : बटाटा. मे महिन्यात एक पांढरी, निस्तेज, लांबट भाजी निघते. तिच्या आगमनाने गावात जी खळबळ माजते ती एखाद्या साथीच्या रोगाला शोभावी.

"चालीरीती : दर शनिवारी आपापल्या घरापुढचा रस्ता झाडतात. रस्त्यावर काही पडलेले असणे आवश्यक नसते.

"इतिहास : तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्य या गावातून गेले, परंतु थांबले नाही. कारण गाव पाहिल्यावर लक्षात येते."

आणि अगदी शेवटी, अग्निशमन दलाच्या इमारतीपुढे लाल रंग देऊन, कुंड्या लावून ठेवलेल्या हातपंपाविषयी : "१८६७ चा हा पंप गावाच्या इतिहासाचा सर्वोच्च बिंदू समजला जातो. तथापि तो मूळचा ग्रोस-हार्मझन गावाचा असून शाळेच्या आगीच्या वेळी उसना आणला होता, व परत करण्याऐवजी त्यावर रंगाने नाव बदलण्यात आले. आधार : नेब्रास्का येथील काउंटीचा इतिहास, पान ३१८." अमेरिकेत गेलेल्या एका म्हाताऱ्याची ही आठवण त्याच्या नातीनं नोंदवून ठेवली होती. पान क्रमांक देताना वासुदेवरावांना एकतीस वर्षांचा सगळा जुना आनंद झाला.

पानं ऊर्मिलाच्या हाती आली. तिनं उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली.

"बाबा, हे असंच जर्मनमध्ये करू?"

"असंच. एक विशेषण गाळलंस तर मला कळेल."

"जर्मन येतं तुम्हाला?"

"लांबी मोजीन."

तिनं एक शब्द गाळला नाही. उलट भाषेच्या परिच्छेदात स्वतःचं एक वाक्य घातलं : "नवीन आलेल्या स्त्रीशी चार वर्षांपर्यंत हवामानाविषयीही बोलत नाहीत, कारण हवामान त्यांचे स्वतःचे आहे." सासऱ्यांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "खात्यात असतीस तर माझ्या पुढे गेली असतीस." पोंक्ष्यांच्या घरात एवढं कौतुक कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं. हृषिकेशनं मात्र भाषांतर चाळलं आणि तो पांढरा पडला.

"बाबा, मला सोमवारी टीडेच्या गाडीत बसायचं असतं हो."

"छापणार नाहीत रे. कोण छापतंय हे?"

हे ते तोंडानं म्हणाले. मनात दोनच गोष्टी होत्या : छापावं, आणि गावानं वाचून खवळावं. कोणी खवळावं इतकं महत्त्वाचं त्यांच्या हातून अजून काही छापलं गेलं नव्हतं. काहीच छापलं गेलं नव्हतं म्हणा.

ब्युल्टमान यांनी एक ओळही न कापता सगळं छापायला पाठवलं. वासुदेवरावांनी रविवारी फोनवर पहिल्यांदाच सांगितलं, "विशेष आहे. पण हातात आल्यावर सांगतो."

"छापखाना सरकारी नाही ना?" सुलेखाताईंनी विचारलं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी गावाबाहेर मोठा तंबू पडला. बँड, बिअर, सॉसेज आणि लांबच लांब बाकं. दारातच पुस्तकांचा ढीग होता. जाड, चकचकीत, दोन किलो तीनशे ग्रॅम. वासुदेवरावांनी घर क्रमांक सतरा उघडलं. पान चारशे चार. मजकूर पुरा होता. वर नाव होतं : "लेखक : एच. पोंक्षे."

एच. म्हणजे हृषिकेश.

"भाडेकरारावर त्याचं नाव आहे म्हणून," ऊर्मिला ब्युल्टमानना विचारून आली. "म्हणाले, प्रत्येक घर भाडेकराराप्रमाणे."

वासुदेवरावांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. एचच होता.

एवढ्यात ब्युल्टमान मंचावर चढले आणि नवीन गोष्ट म्हणून नेमकं घर क्रमांक सतराच वाचू लागले. ऊर्मिला सासऱ्यांच्या कानात ओळ न् ओळ मराठीत सांगत होती. वासुदेवराव बाक घट्ट धरून बसले. 'उंच, कष्टाळू व कंटाळवाणे' झालं. 

मग मागून कोणीतरी 'अगदी बरोबर' अशा अर्थानं म्हणालं, "गेनाऊ."

'खोटे बोलत नाहीत' याला टाळ्या पडल्या. रस्ता झाडण्याच्या वाक्यावर बायकांनी एकमेकींकडे पाहून समाधानानं माना हलवल्या. भाजीच्या परिच्छेदाला 'आल्झो, या, या', म्हणजे हो तर, हो, हो. 'नवीन लोक' यावर एक ऐंशी वर्षांचे निर्वासित आजोबा उभे राहिले आणि त्यांनी ग्लास उंचावला. गावानं साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. स्वीडिश सैन्य थांबलं नाही, हे तर गावाला स्वतःचं कर्तृत्व वाटलं.

"यांना अपमान कळत नाही का गं?" वासुदेवराव हताशपणे म्हणाले.

"कळतो. पण बरोबर असलं की त्यांना राग येत नाही."

"तू सौम्य केलंयस."

"शपथ, बाबा."

"आणि या लांबड्याला तरी कसं आवडलं? एक शब्द कापला नाही त्यानं."

ऊर्मिलानं मग सांगूनच टाकलं. "आवडलं नाही. मी मघाशी विचारलं. त्यांना चारशे बाराच्या वर जायचं होतं. पान चारशे तेरापर्यंत वाचलं म्हणाले, पुढे गरज नव्हती."

पंप होता पान चारशे चौदावर.

तिथवर त्याच क्षणी, आपल्या प्रतीत पुढे पुढे वाचत, हेर टीडे पोचले. हेर टीडे गाडीचे मालक तर होतेच, पण गावाच्या अग्निशमन दलाचे प्रमुखही होते. ते उभे राहिले. बाक उलटला. "पुम्पे!" ते गरजले. हा एकच शब्द बाकांवरून पुढे सरकत गेला. पुम्पे? ग्रोस-हार्मझनचा? आमचा पुम्पे? कंटाळवाणे म्हटल्यावरही न रागावलेली माणसं भराभर पानं उलटू लागली. बँड बंद पडला.

टीडे तडक हृषिकेशपुढे येऊन उभे राहिले. पुस्तकावर त्याचंच नाव होतं ना! हृषिकेश बाकावरून अर्धवट उठला.

त्याला फक्त 'हो, मीच' म्हणून मान हलवायची होती. निस्तरलं असतं ते त्यानं कसंबसं. पण वासुदेवराव उठले, मुलगा आणि टीडे यांच्यामध्ये शिरले आणि इंग्रजीत म्हणाले, "तो नाही. लेखक मी आहे."

हे वाक्य आयुष्यात ते पहिल्यांदाच म्हणत होते. म्हणून पुन्हा एकदा म्हणाले. मग छातीवर हात ठेवून, सावकाश : "वासुदेव गणेश पोंक्षे."

"पुम्पे?" टीडे म्हणाले.

"पोंक्षे."

रविवारी सकाळी हेर ब्युल्टमान पुन्हा त्याच खुर्चीच्या कडेवर बसले. गावाची मागणी होती की प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावं : पंप क्लाइन-हार्मझनचाच. लेखकाच्या सहीनं.

"सही करीन," वासुदेवराव म्हणाले. "पण त्याच शुद्धिपत्रात माझं नावही दुरुस्त व्हायला हवं."

"होईल. पंप दुरुस्त झाला तर."

"पंपाचा पुरावा आहे. पान ३१८."

"अमेरिकन," ब्युल्टमान म्हणाले. एका शब्दात एवढी तुच्छता भरता येते हे पाहून वासुदेवरावांच्या मनात त्यांच्याविषयी प्रथमच आदर उत्पन्न झाला.

"मग तुमच्याकडे पुरावा काय?"

"सगळ्यांना माहीत आहे."

 हृषिकेश दारातून खुणा करत होता : करा हो सही, उद्या सोमवार आहे. वासुदेवरावांना नाव हवं होतं, फार हवं होतं. पण आधार दिलेलं विधान त्यांनी एकतीस वर्षांत कधी मागं घेतलं नव्हतं. नद्यांच्या उगमांवरून ते दोन वरिष्ठांशी भांडले होते.

मग त्यांना खात्याची आठवण झाली. कुठल्या देवळात खरा भुयारी रस्ता आहे, कुठल्या किल्ल्याला कोणाचा पाय लागला, दोन गावं एकाच पादुकांवरून भांडत असली की काय करायचं, या सगळ्यावर खात्याकडे दोन शब्दांचा एक उपाय होता. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं :

"पंप क्लाइन-हार्मझनचा होता, असे क्लाइन-हार्मझनमध्ये म्हणतात."

ऊर्मिलानं जर्मन करून दिलं. ब्युल्टमान यांनी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. प्रत्येक शब्द बरोबर होता. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि खोटं नाही म्हटल्यावर त्या माणसाला हरकत घेता येईना.

"गेनाऊ," ते शेवटी म्हणाले. मग पेन काढून नावाचं एकेक अक्षर विचारून घेतलं. गणेशमध्ये एच आहे का, तेही.

सोमवारी टीडेंनी हृषिकेशला गाडीत घेतलं. मोइन म्हणाले, आणि मग, चार वर्षांत प्रथमच, आणखी एक वाक्य बोलले : "वडलांना सांग, पंप आमचाच आहे."

"असं म्हणतात," हृषिकेश म्हणाला.

शुद्धिपत्र परतीच्या आदल्या रविवारी आलं. हाताच्या पंजाएवढा कागद, दोन ओळी. वासुदेवरावांनी पाच प्रती मागून घेतल्या. पुस्तक बॅगेत ठेवून पाहिलं, वजन करून पाहिलं, आणि काढून घर क्रमांक सतराच्या खिडकीखाली, बिजागरी सैल झालेल्या कपाटाच्या दाराला टेकू म्हणून लावलं. चारशे चौदा पानांचा याहून चांगला उपयोग त्यांना सुचला नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय विशेष?" सुलेखाताई म्हणाल्या.

"छापून आलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पुस्तक आणताय ना?"

"पुस्तक जड आहे. शुद्धिपत्र आणतोय."

"अहो, अठरा वर्षांनी नुसतं शुद्धिपत्र?"

"नाव त्यातच आहे."

"वाचा."

त्यांनी वाचलं. आधी नाव, मग पंप. मग तिनं न सांगताच पुन्हा नाव.

"पंप खरा कोणाचा?" सुलेखाताईंनी विचारलं.

"ग्रोस-हार्मझनचा," वासुदेवराव आवाज खाली आणून म्हणाले, कारण खिडकी उघडी होती आणि बाहेर हेर टीडे, रविवार असूनही, रस्ता झाडत होते.